तुझ्या साठ पानांतले नायक आधी खोडून टाक

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. नागपूरला इंजिनिअरिंग करताना होस्टेलवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचो (प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, बाकीचं जग गेम मास्टरने सांगायचं, जमलं की नाही ते फाशावर), तेव्हा गेम मास्टर दुसराच होता. आता गावी परत आलोय, ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवतो. पाच जण जमवलेत: कृषी केंद्रवाला मित्र, बापासोबत वावर करणारा एक मित्र, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करणारी चुलत बहीण आणि आठवीतला भाचा, तो तर हटूनच बसलाय. उन्हाळाभर बसून साठ पानांची कॅम्पेन, म्हणजे बऱ्याच बैठकी चालणारी गोष्ट, लिहिली. बर्फाचं राज्य, सात सरदार, शेवटी ड्रॅगन. पहिला भाग सोबत जोडलाय. मागच्या रविवारी सुरुवात वाचून दाखवली तर पंधरा मिनिटांत एकाने मोबाईल काढला आणि शेतीवाला म्हणाला, 'भाऊ, पन आमाले कराचं काय?' नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे. फासे फक्त लुडोचे. कामाचे दिवस आले की कोणी येणार नाही. वरून मोठेबाबा म्हणतात, पोट्टे फासे घेऊन बसले म्हणजे जुगारच. तयारी कशी करू?"

ज्याने तो प्रश्न विचारला, त्याला माझ्या वतीने एक चहा पाज. तुझ्या साठ पानांवरचा सगळ्यात नेमका अभिप्राय तोच आहे आणि तो पंधराव्या मिनिटाला मिळाला हे तुझं नशीब. काही मंडळींना तो तिसऱ्या महिन्यात मिळतो, तोही तोंडाने नाही. आज एकाचं डोकं दुखतं, उद्या दुसऱ्याकडे पाहुणे येतात, आणि बैठक आपोआप मोडते.

तू गोष्ट लिहिलीस, शेवटच्या लढाईसकट. मग त्या पाचांसाठी उरलं काय? ऐकणं. आणि नुसतं ऐकायचंच असेल तर तुझ्या वाचनापेक्षा मोबाईलवर बरंच चांगलं काही मिळतं, हे त्या पोराने मोबाईल काढून तुला सांगितलंच. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत छापून विकायला आणला तो युद्धखेळांच्या टेबलावरून. त्या टेबलांवर लोक पलटणीच्या पलटणी हलवायचे. इथे एकेकाच्या हाती एकच माणूस दिला. एक माणूस हाती आला की आपण आपोआप विचारतो, मी आता काय करू? तुझ्या शेतीवाल्या मित्राने ते खेळ सुरू व्हायच्या आधीच विचारलं. तो चांगला खेळणार आहे, त्याला सांभाळ.

आता लाल पेन घे आणि साठ पानं पहिल्यापासून वाच. ज्या वाक्यात नायक काही करतात ते वाक्य खोड. 'नायक राजापुढे शपथ घेतात', खोड. 'त्यांना बोगदा सापडतो', खोड. 'संतापून ते किल्ल्यावर चालून जातात', हे तर गिरवून गिरवून खोड. गुरुजींना संताप कधी यावा हे तू कोण ठरवणार? ज्या वाक्यात बाकीचं कोणी काही मागतं, लपवतं, चोरतं, घाबरतं, ते ठेव. माझ्या अंदाजाने दहा-बारा पानं शिल्लक राहतील. वाईट वाटेल, पण कामाची तेवढीच आहेत.

हे मी नुसतं मत म्हणून सांगत नाही, यात हिशेबही आहे. तू जोडलेल्या पहिल्या भागात एकामागे एक तीन गोष्टी जमाव्या लागतात: पहारेकऱ्याला फसवायचं, पेटीचं कुलूप उघडायचं आणि आतलं पत्र खरं की खोटं ते ओळखायचं. प्रत्येकाला तू १५ चं लक्ष्य ठेवलंस, म्हणजे फाशाचा आकडा आणि पात्राचं कसब मिळून १५ तरी भरायला हवेत. पहिल्या लेव्हलचं, म्हणजे अगदी नवखं पात्र आपल्या हातखंड्याच्या कामात फाशाच्या आकड्यात साधारण ५ मिळवतं. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा वर पडायला हवं, शक्यता ५५ टक्के. बरी वाटते ना? तिन्ही सलग जमायची शक्यता काढ: १७ टक्क्यांच्याही आत येते. सहा वेळा खेळलास तर पाचदा तुझी गोष्ट दुसऱ्या पानावर अडकणार. मग तू काय करशील तेही मला ठाऊक आहे. फासा वाईट पडला की घाईघाईने म्हणशील, 'असू दे, जमलं असं समजा.' दोनदा म्हटलंस की गुरुजींच्या लक्षात येईल की फासा पडला काय नि न पडला काय, होणार तेच. त्यानंतर फाशाकडे कोणी बघणार नाही.

म्हणून पुढे सरकायला जे कळणं भागच आहे, ते फाशावर टांगू नकोस. ते कळण्याच्या निदान तीन वेगळ्या वाटा ठेव. खेळणारे त्यातली एक बघणारच नाहीत, दुसरीचा उलटा अर्थ काढतील, तिसरी सापडेल. फासा ठेव तो किमतीसाठी: कुलूप उघडेलच, पण आवाज न करता उघडेल का?

नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक नमुना मांडते. हवा तर उचल.

पैनगंगेसारखी एक नदी. अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. एके काळी वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांच्यामधली हद्द पैनगंगाच होती, तेव्हा नाकी, जकात, रात्रीचा चोरटा माल हे सगळं तुला लांबून आणावं लागणार नाही. नदीवर एकच नाव आहे आणि ती आठ दिवसांपासून बंद आहे. येत्या मंगळवारी पलीकडच्या काठावर बाजार. बस, सुरुवात एवढीच.

आता माणसं. नावाडी म्हणतो, डोहात काहीतरी आहे, मी नाव पाण्यात घालत नाही. त्याला एवढंच हवंय की त्याच्या पोराला कोणी हात लावू नये. नाक्यावरच्या जमादाराला नाव बंदच राहायला हवी. मग लोक उताराने पायी जातात आणि तिथली जकात सरकारात न जाता त्याच्या खिशात जाते. कापसाच्या मालकिणीच्या बारा बंड्या भरून काठावर उभ्या आहेत, बैलांचा चारा संपत आलाय, तिला मंगळवारच्या आत माल पलीकडे हवा, कसाही. आणि डोहात खरंच काहीतरी आहे. रात्री पाण्यात कोणी उतरू नये, एवढंच त्याचं म्हणणं. ते काय आहे ते मी सांगत नाही, तुझा ड्रॅगन वाया जायला नको.

नाव काठावर पालथी घातलेली आहे. तळाला वितीएवढं भोक. जवळ जाऊन पाहिलं तर भोक पटाशीने पाडलंय आणि लाकडाच्या चिरफाळ्या बाहेरच्या अंगाला वळल्यात. म्हणजे पाडणारा नावेत बसून होता, पाण्यात नव्हता. हे कळण्याची ही पहिली वाट. दुसरी, गावातल्या सुताराची पटाशी 'हरवली' आहे आणि नावाड्याचं नाव काढलं की तो विषय बदलतो. तिसरी, नावाड्याचं पोरगं, ते गूळ-फुटाण्यावर सगळं बोलतं. जमादाराने पोराला उचलून न्यायची धमकी दिली आणि नावाड्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या नावेला भोक पाडलं. पाचांपैकी कोणीच काही केलं नाही तर काय होईल तेही लिहून ठेव: मंगळवारी बाजार मोडतो, बुधवारी मालकीण चार लठ्ठबाज आणते, शुक्रवारी रात्री नाव जळते आणि नावाडी गावात दिसेनासा होतो.

नायकांचं यात एकही वाक्य नाही, बघ. आता तुझा कृषी केंद्रवाला काय करेल? मला तर वाटतं, तो नावेकडे ढुंकूनही बघणार नाही. तो मालकिणीला म्हणेल, "बाई, बाराही बंड्या आमी अठीच घेतो, भाव सांगा." तुझ्या साठ पानांत याला उत्तर नव्हतं, इथे आहे. तिला काय हवंय ते तुला माहीत आहे, तेव्हा ती काय बोलेल हेही माहीत आहे: बाजारभाव मागेल, रोख मागेल, आणि यांच्याकडे रोख नाही हे दोन मिनिटांत ओळखेल. गुरुजी जमादाराला कायदा शिकवायला जातील. बहीण थेट डोहावर जाऊन बसेल. जाऊ दे तिला.

एका बैठकीसाठी वहीचं एक पान पुरतं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. सुरुवातीचा प्रसंग, चार माणसं आणि त्यांची एकेक 'हवंय', दोन-तीन जागा आणि प्रत्येक जागेची डोळ्यांना दिसेल अशी एक खूण, एका लढाईचे आकडे आणि आयत्या वेळी लागतील अशी दहा नावं. नावं विसरू नकोस. वाटेत भेटलेल्या गुराख्याचं नाव कोणीतरी विचारतंच, आणि तू अडखळलास की हा माणूस बिनमहत्त्वाचा आहे हे सगळ्यांना कळतं. पुढच्या बैठकीचं पान या बैठकीनंतर लिही, आधी नाही. आणि नकाशे कमी काढ. होतकरू गेम मास्टरांना नकाशाचा फार नाद असतो. सात राज्यांच्या सीमा रंगवून होतात आणि पहिल्या गावात पाणी कुठून भरतात ते माहीत नसतं.

बर्फाचं राज्य सोडच असं माझं म्हणणं नाही. तुझ्या पोरांना तेच हवं असेल तर खेळा. पण कोणीतरी विचारतं, "त्या घराच्या मांगं काय हाय?" बर्फाच्या राज्यात तू थबकशील. आपल्याकडच्यासारखं गाव असेल तर तोंडातून आपोआप निघेल: पऱ्हाट्यांचा ढीग, बकरीचा खुंटा, पडकी न्हाणी. लगेच एक जण पऱ्हाट्यांत लपेल, दुसरा त्यांची मशाल करेल. खेळणाऱ्यांनाही तिथलं सगळं माहीत असतं, त्यामुळे ते तुला विचारत बसत नाहीत, करून मोकळे होतात.

आणि अद्भुत हवं असेल तर ते आपल्याकडे काय थोडं आहे? चंद्रपूरच्या कोटाची दंतकथा घे: राजाच्या शिकारी कुत्र्याच्या मागे ससा लागला, आणि तो पाठलाग जिथून झाला तिथून गोंड राजाने कोट बांधला. कुत्र्यामागे लागणारा ससा! यावर एक अख्खी बैठक निघते. लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरहून रुंद आहे, तळाशी खारं पाणी, आणि जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं. खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झालं असं तपासणीत निघालं, पण तुझ्या गावातल्या पुजाऱ्याला, वैद्याला आणि कोतवालाला ते ठाऊक असायची गरज नाही. तिघांची तीन कारणं लिही. गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात पडला तेव्हा इंग्रजांनी तोफा डोंगराच्या वाटांनी ओढत उत्तरेच्या अंगाला नेल्या होत्या. आपले पाच जण ते ओढकाम रात्रीतून बिघडवायला गेले तर? हे सगळं घे, पण नावं बदलून घे. जिवंत देवस्थान, खऱ्या जाती, गावातली खरी भावकीची भांडणं आणि मागच्या ग्रामपंचायतीची निवडणूक, यातलं काहीही आत येऊ देऊ नकोस. खेळ संपल्यावर तुम्हाला त्याच गावात राहायचंय.

खेळ सुरू करायच्या आधी एक बैठक नुसती बोलायला ठेव. तिला 'सेशन झीरो' म्हणतात, होस्टेलवर तुमच्यात झाली असेल तर आठवेल. फासे नाहीत, गोष्ट नाही. मारामारी किती, डोकं लढवणं किती, हसणं किती हे विचारायचं. मग त्यांची माणसं एकमेकांना कशी ओळखतात ते ठरवायचं, आणि हे खेळणाऱ्यांनीच ठरवायचं. पाच अनोळखी लोक धर्मशाळेत भेटतात अशी सुरुवात केलीस तर पहिला तास-दीड तास एकमेकांवर संशय घेण्यात जातो. त्यापेक्षा प्रत्येकाने उजवीकडच्याशी आपलं एक देणं-घेणं सांगावं: यानं मला पुरातून ओढून काढलं, हिच्या बापाची घोडी मी विकली आणि तिला अजून माहीत नाही. तुझं काम फक्त लिहून घ्यायचं. तू उन्हाळाभर शोधत होतास तो मसाला ते वीस मिनिटांत देतील.

याच बैठकीत आणखी एक करायचंय, आणि आपल्या भागात ते जरा जपून करावं लागतं. कथेत सावकार घालणं फार सोपं. खलनायक आयता मिळतो. पण यवतमाळ जिल्ह्यात पाच जणांच्या बैठकीत कोणाच्या तरी घरात, सोयऱ्यात, शेजारात कर्जापायी गेलेला माणूस असू शकतो, आणि तो खेळाडू ते सांगून बसणार नाही. तू पहिल्याच प्रसंगात गळफास रंगवून सांगशील आणि तो उठून बाहेर जाईल, किंवा त्याहून वाईट, बसून राहील. म्हणून सगळ्यांना सारखे कागद दे, सारखं पेन दे. खेळात काय नको ते नाव न घालता लिहून डब्यात टाकायचं. लिहायचं काही नसेल तरी कोरी चिठ्ठी टाकायचीच. तू वाचायच्या आणि यादी सांगायची: हे आपल्याकडे येणार नाही. कारण विचारायचं नाही, अंदाज बांधायचा नाही. भाच्याचं अक्षर तू ओळखशीलच, न ओळखल्यासारखं कर. शिवाय खेळताना मध्ये एक कार्ड ठेव, त्यावर फुली. कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. जॉन स्टाव्ह्रोपॉलस यांनी काढलेलं हे 'एक्स-कार्ड' आता बऱ्याच बैठकांत वापरतात. फक्त पत्त्यातलं पान ठेवू नकोस, मोठेबाबांना तेवढंच निमित्त होईल.

आता पुस्तक आणि फासे. पुस्तक पाचांनी वाचायचंच नसतं. ते तू वाच, त्यांना मराठीत एका पानाचा तक्ता करून दे: शक्ती, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप, पुढे आकडे, खाली हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा), हत्यार, सोबतचं सामान. संपलं. जादूगार आणि पुरोहित या पात्रांना मंत्रांची यादी सांभाळावी लागते, ती ज्याला वाचायचा कंटाळा नाही त्यालाच दे. मला वाटतं गुरुजींना आवडेल. पहिल्या दिवशी पात्रं तूच तयार करून ने आणि एकाच बैठकीत संपेल असा खेळ खेळा. सगळ्यांना गंमत कळली की मग ज्याने त्याने आपापलं पात्र करावं. उलट क्रमाने गेलास तर पहिली दुपार फॉर्म भरण्यात जाईल, आणि ते काम तू आठवडाभर करतोसच.

मागवलेला फाशांचा संच येईपर्यंत थांबू नकोस. १ ते २० आकड्यांच्या सारख्या घड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घाल. काढलेली चिठ्ठी वाचून परत टाकायची आणि डबा हलवायचा; बाहेर ठेवली तर पुढच्याची शक्यता बदलते. सहा बाजूंचा फासा लुडोचा आहेच. चार बाजूंचा हवा असेल तर तोच टाक, ५ किंवा ६ पडले तर पुन्हा टाक. फासे गावात येतील तेव्हा येतील.

पहिल्या लढाईत हात आखडता घे. गॉब्लिन हा बुटका राक्षस २०१४ च्या पुस्तकात अगदीच किरकोळ दिसतो, ७ हिट पॉइंटचा. पण त्याचा एक वार ३ ते ८ चं नुकसान करतो आणि पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे एकूण सहा-सात-आठच हिट पॉइंट असतात. एका फटक्यात गुरुजी आडवे. शून्यावर आलं म्हणजे मेलंच असं नाही, दर फेरीला फासा टाकायचा, १० किंवा वर म्हणजे यश, तीन यशं झाली की जीव स्थिर, तीन अपयशं झाली की खेळ खलास. पण पहिल्याच दिवशी आडवं पडून तीन फेऱ्या छताकडे बघायला कोणाला आवडेल? शत्रूंची संख्या खेळणाऱ्यांपेक्षा कमी ठेव, आणि निम्मे पडले की उरलेले पळतील असं आधीच लिहून ठेव. जीव कोणाला प्यारा नसतो.

अभिनयाचा आग्रह धरू नकोस. होस्टेलवर तुम्ही आवाज बदलून बोलत असाल, गावात ओळखीच्या माणसांसमोर लाज वाटते. "माहा माणूस त्याले दम देते" एवढं म्हटलं तरी पुरे. महिनाभरात कोण कसं बोलायला लागतं ते बघशीलच.

दिवसांचं म्हणशील तर तुझी भीती बरोबर आहे आणि उपाय सोपा आहे: आधीच कबूल करून टाक. सोयाबीनची सोंगणी आली की महिनाभर बैठक बंद, हे तूच जाहीर कर. कोणी न आल्याने बैठक मोडली की वाईट वाटतं, तूच सुट्टी दिली तर नाही. रात्रीचं ठेवू नकोस. शेतीवाल्याला जागलीला जावं लागेल, रोही आणि रानडुकरं तुझ्या कॅम्पेनसाठी थांबत नाहीत; हरभऱ्याच्या ओलिताला लाइन रात्रीची आली तर तेही गेलं. बहिणीला आणि भाच्यालाही दुपारच बरी. पंधरा दिवसांतून एक रविवार, दोन ते पाच. पाचांपैकी तीन आले तर खेळ होणार, हा नियम. जो आला नाही त्याचं पात्र बंडीजवळ बैल राखत बसलं असं समजायचं, त्याला मारायचं नाही आणि त्याचं सामान वापरायचं नाही. कॅम्पेन सहा-आठ बैठकींचीच आख, होळीच्या आत संपेल अशी. वर्षानुवर्षं चालणाऱ्या कॅम्पेनच्या गप्पा होस्टेलवर ठीक होत्या. इथे कापूस वेचायचा असतो, लग्नं असतात. संपलेली छोटी गोष्ट असेल तर पुढच्या हंगामात ते स्वतःहून विचारायला येतील.

मोठेबाबांशी वाद घालू नकोस. त्यांनी फाशावर घर बुडालेलं पाहिलं असेल, त्यांचा संशय बिनबुडाचा नाही. दार लावून खोलीत बसू नका, ओसरीवर सतरंजी टाका, जाता-येता सगळ्यांना दिसू द्या. पैसा गमतीतही मध्ये येऊ देऊ नका, हरला त्याने आलुबोंडे आणायचे असली पैजही नाही, खाणं आळीपाळीने. आणि एक दिवस त्यांनाच बोलाव: "मोठेबाबा, पंधरा मिन्टं बसा, तुमी नावाडी हा. हे पाच जन तुमाले नाव काऊन बंद हाय थे इचारतीन. खरं सांगाचं नाही." फासा त्यांच्या हाती द्यायचीही गरज नाही. सत्तरीतला माणूस गावच्या पोरांना खोटं पचवून दाखवायची संधी सोडेल असं मला वाटत नाही. पंधरा मिनिटांचा तास झाला तर होऊ दे.

भाच्याला बसवच. तो बसला म्हणून रक्तपात थोडा कमी होईल, तुझी गोष्ट त्याने बिघडणार नाही. लढाईत कोणाची पाळी आहे त्याची नोंद आणि सगळ्यांच्या पैशांचा हिशेब त्याच्याकडे दे. आठवीतलं पोरगं हिशेबात कोणालाच सोडत नाही. बहिणीला मात्र 'तू मलमपट्टीवाली हो' म्हणून पात्र हातात टेकवू नकोस. तिला कुऱ्हाडवाला दाढीवाला बुटका खेळायचा असेल तर तो खेळेल.

राहिलं मराठी नियमांचं. मूळ नियमांचा गाभा 'सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१' या नावाने फुकट मिळतो. जानेवारी २०२३ मध्ये हा खेळ छापणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने तो क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली खुला केला. म्हणजे त्याचं मराठी करायला, छापायला, वाटायलाही कोणाची परवानगी मागायला नको, फक्त श्रेय द्यायचं. सगळा करू नकोस, शेकडो पानं आहेत. फासा कसा टाकायचा, लढाईची फेरी कशी चालते, शून्यावर आल्यावर काय होतं आणि तुमच्या पाच पात्रांपुरतं जे लागेल तेवढं कर. सेंटरवर प्रिंटर आहेच. श्रेयाची ओळ कशी लिहायची ते त्या दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच दिलंय, ती जशीच्या तशी खाली टाक, आणि भाषांतर तू केलंस हेही लिही.